आमची वाटचाल: लूपमधली चाकं

आम्ही रोलर कोस्टरच्या चाकांना पॉलियुरेथेन, म्हणजे रबरासारखं चिवट प्लास्टिक, चढवतो असं सांगितलं की समोरचा हमखास एकच प्रश्न विचारतो, गाडी लूपमध्ये उलटी होते तेव्हा रुळाखालची चाकंच सगळं वजन धरत असतील ना? सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. पण व्यवस्थित आखलेल्या लूपमध्ये, अगदी टोकावर माणसं डोकं खाली पाय वर असतानासुद्धा, भार मुख्य म्हणजे वरच्या, म्हणजे रुळाच्या माथ्यावरून धावणाऱ्या चाकांवरच असतो, कारण वेगामुळे गाडी रुळावर दाबलेली राहते. खालची चाकं त्या वेळी जवळपास मोकळीच असतात. त्यांचं खरं काम टेकाडांवर, जिथे माणूस सीटवरून उचलला जातो आणि गाडीपण रुळ सोडायला बघते तिथे. ज्या दिवशी हे डोक्यात बसलं त्या दिवसापासून आमचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला असं मी मानतो.

त्याआधी आम्ही कन्व्हेयरचे रोलर आणि ट्रॉलीची चाकं करायचो. मी, माझा मेव्हणा, एक सेकंडहँड लेथ, एक ओव्हन आणि लेथवर आमचे टर्नर काका, एवढाच सगळा संसार. एक दिवस एका पार्कचे मेन्टेनन्सवाले गोणीत पाच चाकं घालून आले. ॲल्युमिनियमचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, त्यावर पॉलियुरेथेनचा जाड थर, आणि पाचही चाकांचा थर फाटलेला. एकाचा तर आख्खा पट्टा निघून हातात आला होता. म्हणाले, दादा, एवढं करून द्या, गाडी उभी आहे. मी लगेच हो म्हटलं, ट्रॉलीच्या चाकाला चढवतो तसंच तर चढवायचंय, त्यात काय एवढं, असं वाटलं मला.

ती चाकं एका लूपवाल्या कोस्टरची होती, आणि लूप म्हणजे नक्की काय भानगड असते हे शोधता शोधता मी या विषयात असा अडकलो की आजपर्यंत बाहेर आलेलो नाही.

लूपची हौस माणसाला फार जुनी. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप रेल्वे नावाची गाडी होती, लीना बीचर नावाच्या माणसाने केलेली, लूप साधारण २५ फुटांचा आणि चक्क गोल. बसणाऱ्यांच्या मानेला असा हिसका बसायचा की ती बदनामच झाली. मग १९०१ मध्ये तिथेच एडविन प्रेस्कॉटने लूप द लूप उभा केला, यात लूप गोल नाही तर लंबगोल. त्रास बराच कमी झाला पण एका वेळी चारच माणसं जायची, बसणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त, तेव्हा तेही काही वर्षांत बंद पडलं. त्यानंतर कित्येक दशकं लूपच्या वाटेला कुणी गेलं नाही म्हटलं तरी चालेल.

गोल लूपमध्ये नेमकी अडचण काय ते मी वहीत आकडेमोड करून बघितलं, बारावीच्या फिजिक्सएवढंच गणित आहे. टोकावर गाडी जेमतेम रुळाला धरून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या ६ पट वजन जाणवतं. आणि लूप लहान घ्या की मोठा घ्या, आकडा ६ च येतो. त्यावर वाईट म्हणजे हे ६ पट वजन हळूहळू येत नाही, सपाट रुळावरून गोलात शिरल्या क्षणी एकदम येतं. माणसाच्या मानेवर येतं तसंच चाकावरही येतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात रुळ बदलला. कॅलिफोर्नियातल्या ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने डिस्नीलँडसाठी मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स केली, १९५९ ची गोष्ट, आणि तिथे पहिल्यांदा पोलादी नळीचा रुळ वापरला. ही ॲरोसुद्धा १९४६ मध्ये काही मित्रांनी छोटं मशीन शॉप म्हणून सुरू केलेली, हे वाचलं तेव्हा आमच्या लेथकडे बघून फार बरं वाटलं होतं. लाकडाच्या सांगाड्यावर पोलादाची पट्टी असते तिथे रुळाला पाहिजे तसा पीळ देता येत नाही. नळी मात्र कुठेही वाकवता येते, आणि मुख्य म्हणजे चाकं तिला तिन्ही बाजूंनी धरू शकतात: वरून, बाजूने आणि खालून. खालच्या चाकांची कल्पना आधीपासून होतीच, जॉन मिलर या अमेरिकन कोस्टर बनवणाऱ्याने १९१९ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, पण गोल नळीवर तिचं सोनं झालं. त्याच ॲरोने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच नॉट्स बेरी फार्म या पार्कला कॉर्कस्क्रू केला, माणसांना उलटं करून सुखरूप परत आणणारा पहिला आधुनिक कोस्टर. तो १९९० मध्ये आयडाहोतल्या सिल्व्हरवुड पार्कमध्ये नेऊन पुन्हा उभा केला.

पण कॉर्कस्क्रू म्हणजे पीळ, उभा लूप नव्हे. तो आला ८ मे १९७६ ला, कॅलिफोर्नियातल्याच मॅजिक माउंटन पार्कमध्ये, नाव ग्रेट अमेरिकन रेव्होल्यूशन, कारण त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होत होती. बनवणारा जर्मन, अँटोन श्वार्त्सकॉफ, घरचा धंदा सर्कशीच्या आणि जत्रेवाल्यांच्या गाड्या बांधायचा. गणित वेर्नर स्टेंगेल या इंजिनिअरचं. उंची ११३ फूट, वेग ताशी ५५ मैल म्हणजे ८८ किलोमीटरच्या आसपास, आणि एकच लूप, ९० फूट उंच. आजच्या मानाने आकडे साधेच आहेत, पण तो लूप गोल नाही, सगळं त्यात आलं.

स्टेंगेलने तिथे क्लोथॉइड वापरला. रेल्वेवाले सरळ रुळावरून वळणात शिरताना हीच वक्र रेषा वापरतात, वळण एकदम सुरू होत नाही, जसजसं पुढे जाल तसतसं ते सारख्या प्रमाणात आवळत जातं. लूपच्या तळाशी वेग सगळ्यात जास्त, तिथे वळण ऐसपैस. वर चढताना वेग कमी होतो तसं वळण घट्ट होतं, म्हणजे टोकावर कमी वेगातही गाडी दाबलेली राहते. म्हणून हे लूप बाजूने बघितले तर रुंदीपेक्षा उंच दिसतात. भार येतो, भरपूर येतो, पण चढत चढत येतो. मला विचाराल तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या क्षेत्रात झालेलं हे सगळ्यात सुंदर काम आहे.

आता आमच्या पाच चाकांकडे येतो. आम्ही ती केली, मन लावून केली, हब ब्लास्ट केले, प्रायमर मारला, गरम करून ओतलं, लेथवर साफ केली, आरशासारखी दिसत होती. तीन आठवड्यांत पार्कमधून फोन आला, कडा सुटतायत. चाचणीच्या फेऱ्यांमध्येच लक्षात आलं आणि गाडी माणसांसाठी उघडलीच नव्हती म्हणून निभावलं, नाहीतर मी हा धंदा तिथेच सोडला असता. चाकं परत आली. मी प्रायमर बदलला, पुन्हा केली, पुन्हा कडा सुटल्या. मेव्हणा म्हणाला, माल खराब आला असेल. मालही बदलला. पुन्हा तेच. त्या महिन्यात मी रात्री झोपलेलो नाही.

शेवटी काकांनी एक सुटलेलं चाक उचललं, राहिलेला थर सोलून काढला आणि हबच्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "अरे, ही धार कशाला ठेवलीस? सगळा दाब इथंच येऊन बसतोय की." हबची कड काटकोनात संपत होती, तिथे पॉलियुरेथेनची पकडही एकदम संपायची, आणि प्रत्येक फेरीत चाक दाबलं गेलं की त्या एका रेषेवर ताण साठायचा. जुन्या मूळ चाकात तिथे बारीक गोलाई होती, फाटलेल्या थराखाली ती झिजून गेली होती आणि आम्ही हब साफ करताना चक्क सपाट करून टाकली होती. काकांनी गोलाई परत काढली, थराची कडही उतरती केली. ती पाच चाकं मग पूर्ण सीझन चालली. मी त्या संध्याकाळी वहीतलं क्लोथॉइडचं पान काढून काकांना दाखवलं, म्हटलं काका, तुम्ही चाकाला जे केलंत तेच या माणसाने लूपला केलंय. काका बराच वेळ बघत राहिले त्या आकृतीकडे.

त्यानंतर कामं येत गेली, एका पार्कने दुसऱ्याला सांगितलं, असं करत. हळूहळू बाकीचं शिकलो. थर मऊ ठेवला तर गाडी शांत चालते, पकड चांगली, पण चाक तापतं आणि वेग खातं. कडक ठेवला तर पळते पण खडखड करते. आणि पॉलियुरेथेन बाहेरून जळत नाही, आतून जळतं, प्रत्येक फेरीत दबतं-फुगतं त्याची उष्णता पोटात अडकते, वरून चाक ठणठणीत दिसतं आणि आतला भाग वितळायला लागलेला असतो. म्हणून आलेल्या प्रत्येक लॉटमधलं एक जुनं चाक आम्ही मधोमध कापून बघतो, गिऱ्हाइकाने सांगितलं नसलं तरी. हबला हात लावायचा तर स्वच्छ हातमोजे, बोटाचं तेल लागलं तरी तिथे बाँडिंग सुटतं. ओव्हनमधून काढलेलं चाक आठवडाभर तसंच ठेवतो मगच पाठवतो, कितीही घाई असू दे. यावरून दोन ऑर्डरी हातच्या गेल्या आहेत, गेल्या तर गेल्या.

दोन वर्षांपूर्वी मी आणि मेव्हणा खास रेव्होल्यूशन बघायला गेलो. मूळ गाडीत फक्त मांडीवरचा बार होता, श्वार्त्सकॉफचा लूप इतका मऊ की खांद्यावर काही लागायचंच नाही. मधल्या काळात खांद्यावरचे जाड हार्नेस बसवले होते, डोकी आपटतात म्हणून लोक वैतागायचे, २०१६ मध्ये ते काढून पुन्हा मांडीवरचा बार आणला आणि नाव न्यू रेव्होल्यूशन केलं. आम्ही बसलो. चेनने वर चढताना खालून ती ओळखीची कटकट, गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्ट्यांची. मग झाडीतून उतार, आणि लूप. मी डोळे मिटून फक्त चाकांचा आवाज ऐकत होतो. लूपमध्ये शिरताना हिसका नाही, आवाज हळूहळू जाड होत गेला, टोकावर जरा हलका झाला आणि उतरताना पुन्हा जाड. मेव्हण्याने माझा हात घट्ट धरला होता. लगेच पुन्हा रांगेत उभे राहिलो.

काका आता रोज येत नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यांच्या जागी त्यांनीच शिकवून तयार केलेला एक मुलगा आहे. या आठवड्यात एका लूपवाल्या गाडीचा चोवीस चाकांचा सेट जायचाय, मुख्य चाकं सगळी. काल संध्याकाळी काका सहज म्हणून आले, खुर्चीत बसले, आणि मुलगा एकेक हब त्यांच्या हातात देत गेला. काकांनी चोवीसही कडांवरून अंगठा फिरवला, त्यातले दोन हब बाजूला ठेवले, म्हणाले, "हे परत लाव लेथला."