फोर-फिफ्टीची पेटी

खंडेनवमीच्या आधी आमच्या बंदुकांच्या दुकानात साफसफाईच्या कामांची रीघ लागते. त्यातच एक तरुण आजोबांची दोनाली रायफल घेऊन आला. आजोबा वारल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा होती. परवाना नावावर झाला तशी सोडवून आणली. सोबत काडतुसांची जुनी पेटी.

"काका, नुसती साफ करा. पूजेनंतर मळ्यात एक बार काढू म्हणतो."

असा बार कायद्यात बसत नाही, हे सांगणारच होतो. पण रायफल उघडली आणि कायदा बाजूला राहिला. बाहेर घोडे असलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली विलायती बनावट. नळ्यांच्या बुडाशी नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या नव्या दारूच्या चाचणीचा एकही ठसा नाही. परवान्यावर बोअर, म्हणजे नळीचं माप, .450; पेटीवरही .450. पेटीत एक रिकामं टरफल होतं, ते नळीत सरकवलं तर बेमालूम बसलं.

घोटाळा तिथेच आहे. जुन्या .450 एक्सप्रेस काडतुसाचं टरफल सव्वातीन इंची, सरळ, पितळी. आत साधारण 120 ग्रेन (वजनाचं बारीक माप) काळी दारू, पुढे शिशाची हलकी गोळी. 1898 साली जॉन रिग्बीने त्याच मापाच्या टरफलात 70 ग्रेन कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची जास्त जोराची दारू, भरलं आणि धातूच्या कवचाची 480 ग्रेनची गोळी बसवली. वेग सेकंदाला 2150 फूट! हत्तीसाठी अवजड 8 बोअरची बंदूक खांद्यावर वाहायची गरज संपली. बुडाची रुंद कडही तशीच ठेवली, कारण दोनाली उघडली की तिलाच धरून टरफल वर येतं. हुशारी मोठीच, पण जुन्या रायफलीला नळी फाडू शकणारं हे नवं काडतूस नाकारायची सोय राहिली नाही.

गंमत म्हणजे 1907 साली सरकारने हिंदुस्थानात .450 बोअरवर बंदी घातली, ती बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींना हा दारूगोळा कामी येईल या धास्तीने. म्हणून तर कारखानदारांनी .470 आणि .500/465 ही वेगळ्या मापाची काडतुसं काढली. नळी फाटण्याच्या भीतीचा त्यात संबंध नव्हता.

तरुणाला पटेना. एका काडतुसाची गोळी ओढून काढली. काळ्या दाण्यांऐवजी शेवयांसारखे कॉर्डाइटचे धागे कागदावर पडले.

"पण आजोबांनी याच रायफलीने वाघ मारलाय!"

"काळ्या दारूवर मारला असेल."

पेटी त्याच दिवशी ठाण्यात जमा करायला लावली आणि रायफलीच्या पावतीवर लाल शाईने लिहिलं : कॉर्डाइट चालणार नाही.