पट्टी एवढ्यात देऊ नका

अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, लेकीच्या शाळेतून आलेल्या कागदावर एक ओळ ठळक छापली होती: हा धडा चालू आहे तोवर घरी मुलांना पट्टी देऊ नये. पहिलीचा वर्ग, विषय लांबी, आणि पट्टी बंद! एकसारख्या मापाच्या वस्तू एकापुढे एक मांडायच्या, मध्ये फट नको, एकावर एक चढायला नको, आणि किती लागल्या ते मोजायचं. ओहायोत इंच आणि सेंटिमीटर येतात ते दुसरीत. तिकडच्या शाळांचं सगळंच मला पटतं असं नाही, पण हा नियम इतका आवडला की सुट्टीला सोलापुरात आल्यापासून घरात मी तेवढंच बोलते आहे.

त्याला कारण माझा भाचा. पोरगा हुशार आहे, पंधरापर्यंतचे पाढे धडाधड म्हणतो. त्याच्या पुस्तकात एका पट्टीचं चित्र होतं. वर पेन्सिल, तिचं बूड 1 वर आणि टोक 9 वर. लांबी किती? त्यानं क्षणात सांगितलं, नऊ. वहिनी म्हणाल्या, बरोबर. ती पेन्सिल आठ सेंटिमीटरची आहे. लांबी दोन रेघांच्या मधल्या घरांत असते आणि ही घरं मोजायची असतात, हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नव्हतं. हातात पट्टी मात्र बालवाडीपासून आहे. तो टोकाशी छापलेला आकडा वाचतो, आणि आपण त्याला मोजणं म्हणतो.

वहिनींशी वाद घातला नाही. दुकानातून काडेपेट्यांचं अख्खं पुडकं आणलं. सगळ्या एका मापाच्या, स्वस्त, आणि लहान हातात मावणाऱ्या. (काड्या आधी काढून ठेवा.) दोघा पोरांना सांगितलं, स्वयंपाकाचा ओटा मोजा. भाच्यानं भरभर मांडल्या, मध्ये बोटबोट फटी. लेकीनं चिकटून मांडल्या. आकडे वेगळे आले. दोघं भांडायला लागली, आणि मी मध्ये पडले नाही. फटींत राहिलेला ओटा कुणाच्या हिशोबात आला, हा प्रश्न शेवटी भाच्यानंच विचारला. मग त्याच्या सगळ्या पेट्या मी काढून घेतल्या आणि एकच ठेवली. आता मोज. ती कुठं संपली तिथं बोट ठेवायचं, पेटी उचलून बोटापुढे लावायची, पुन्हा बोट. पट्टीच्या आत हेच चाललेलं असतं. एकच सेंटिमीटर पुन्हा पुन्हा पुढे ठेवलेला. मुलानं तो स्वतःच्या हातानं एकदा ठेवला पाहिजे. नंतर तोच ओटा चमच्यानं मोजायला लावा. चमचा लांब, म्हणून आकडा लहान येतो. मुलांना आधी हे उलटं वाटतं. ते वाटू द्या, लगेच समजावून सांगू नका.

याच्याही आधीची एक पायरी आपण घाईत सोडून देतो. दोन वस्तूंची नुसती तुलना. लाटणं मोठं की कालथा? दोन्ही एका टोकाला सारखे धरायचे, मगच बोलायचं. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं होतं, की सारख्या लांबीच्या दोन काठ्यांपैकी एक थोडी पुढे सरकवली, की लहान मूल तीच लांब म्हणतं. घरी करून बघा. आणि ज्या वस्तू शेजारी आणता येत नाहीत, दाराची रुंदी आणि कपाटाची रुंदी, तिथं सुतळी. सुतळीला गाठ मारून कपाट आत येईल का ते ठरवायचं. त्यात आकडा लागतच नाही.

आता अण्णांबद्दल. त्यांची उमर कापड विणायच्या मागावर गेली, सोलापूरच्या पूर्व भागात. मी हे सगळं मांडून बसल्यावर त्यांनी नातीला जवळ बोलावलं आणि घरातल्या चादरीवर वीत टाकायला लावली. अंगठा, करंगळी, अंगठा तिथंच आणून पुन्हा करंगळी. मग स्वतःची वीत टाकली. तिच्या आणि त्यांच्या आकड्यांत इतका फरक पडला की ती चक्रावली. "आजोबा, मग चादर नक्की केवढी?" पहिलीच्या मुलीच्या तोंडून हा प्रश्न यावा यासाठी तिकडे महिनाभर तयारी चालते, आणि आमच्या अण्णांनी तो दोन मिनिटांत आणला. मला अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही. बोट, वीत, हात, पुरुष (म्हणजे माणसाच्या उंचीवरून घेतलेलं माप) ही मापं आपल्याकडे होतीच. बारा अंगुळांची वीत आणि दोन वितींचा हात. ओहायोतल्या शिक्षिका कागदाच्या क्लिपांनी जे शिकवतात, ते आपल्या आज्या वातीचा दोरा कापताना करत होत्या.

मग आम्हीच ते का सोडलं? विहिरीची खोली आज कुणी पुरुषात सांगणार नाही, ते बरोबरच आहे. पण वीत शिकवायला काय हरकत आहे? शेजारच्या एक काकू परवा म्हणाल्या, तिकडे राहून पोरगी इकडची राहणार नाही. मी काही बोलले नाही. पण माझी पोरगी चादर वितीनं मोजते, आणि तिकडे मला संध्याकाळी तिच्याबरोबर जमिनीवर बसून चमचे मांडायला वेळ मिळतो. हे मला इथं नोकरी करताना जमलं असतं असं वाटत नाही.

एका गोष्टीचा मात्र तिकडे मनापासून संताप येतो, तो म्हणजे इंच. दुसरीत पूर्ण इंच, तिसरीत अर्धा आणि पाव. पुढे घरातल्या टेपवर आठवा हिस्सा, सोळावा हिस्सा, आणि एकाच उंचीच्या नसलेल्या रेघांची गर्दी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अपूर्णांक नीट कळायच्या आत ते लांबीत घुसतात. सेंटिमीटरचे दहा भाग मूल बोटांवर मोजू शकतं. आपण 1956 साली कायदा केला, 1958 पासून दशमान मापं बाजारात आणली, आणि एवढा मोठा देश काही वर्षांत बदलला. अमेरिकेत मीटर 1866 पासून कायदेशीर आहे. तिथला इंचसुद्धा 1959 पासून बरोबर 2.54 सेंटिमीटर असा मीटरवरूनच ठरवलेला आहे. तरी शाळकरी पोरांच्या डोक्यावर सोळावे हिस्से! दर वर्षी याच रेघांवर आमच्या घरी कुणीतरी रडतं.

वहिनींनी इथं मला अडवलं. चादरीचं लेबल दाखवलं: 60 बाय 90. इंच. ब्लाउज शिवायला टाकताना इंच, मुलाची उंची फुटात, जागा चौरस फुटात, शेत गुंठ्यात. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण आपल्या मुलाला ते सोळाव्या हिश्शांत गणित करायला लागत नाही, एवढा फरक मी धरूनच आहे. उलट त्या चादरीचा उपयोग करून घ्या. साधारण 152 सेंटिमीटर रुंद आणि 229 सेंटिमीटर लांब. मुलाला आधी अंदाज करू द्या, तू आडवा झोपलास तर मावशील का, मग झोपवून बघा, मग टेप. अंदाजाशिवाय मोजायला बसवू नका. अंदाज चुकला की टेपकडे मूल खरोखर बघतं.

आणि पट्टी द्यायची वेळ आली की नवी कोरी पट्टी देऊ नका. शिंप्याचा जुना टेप घरात असेलच. सेंटिमीटरच्या बाजूनं बघून 14 च्या रेघेवर कात्रीनं कापा आणि सुरुवातीचा तुकडा लपवून ठेवा. उरलेल्या टेपनं लाटणं मोजायला सांगा. त्याचं टोक 45 वर आलं आणि मूल पंचेचाळीस म्हणालं, तर परत काडेपेट्यांकडे या. 14 पासून एकेका घरावर बोट ठेवत ते एकतीसवर पोचलं, तर दुसऱ्या दिवशी पट्टी द्या. भाचा काल पंचेचाळीस म्हणाला आणि मग स्वतःच थांबून पहिल्यापासून मोजायला लागला. त्याची शाळा सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत, तोवर वहिनींनी पट्टी कपाटावर ठेवायचं कबूल केलं आहे.