टॉवेल

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 42-43 वर चढून बसतो आणि दुपारी एक ते चार दवाखान्यात कुत्रंही फिरकत नाही. मी जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे हे अगदी शब्दशः घ्या. अशा वेळी अक्कलकोट रोडकडून एक बापलेक रिक्षाने आले. पोराच्या मांडीवर प्लॅस्टिकचा डबा, डब्यात साप आणि सापाच्या तोंडातून लोंबणारा निळा टॉवेल.

साप ओळखीचा होता. बॉल पायथन, मूळचा आफ्रिकेतला, लांबी सव्वातीन फूट. पहिल्या भेटीतच मी कागद बघितले होते. आपल्याकडची धामण किंवा अजगर घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि असल्या परदेशी सापाची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पोरानं ती केलेली होती.

तेव्हाची तक्रार वेगळी होती. पोरानं वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा पेटीत पसरला होता. या सापाला हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तो वीस-पंचविसावर येतो. म्हणून हा दिवसातून तीनदा भुशावर पाणी शिंपडायचा. भुसा आंबला, बुरशी धरली आणि पोटाखालचे खवले तांबूस होऊन त्यांवर फोड आले. शिवाय वखारीचा भुसा कुठल्या लाकडाचा, हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही. देवदार-चिडाच्या तेलाचा वास सापाला बाधतो, आणि बारीक धूळ फुफ्फुसात गेली तर त्याला आपल्यासारखं खोकून ती बाहेर टाकता येत नाही. मी भुसा फेकायला लावला, मलम दिलं आणि म्हणालो, “जखमा भरेपर्यंत साधा टॉवेल टाक, रोज बदलत जा.”

आता सोलापुरात ‘टॉवेल’ म्हटल्यावर माणूस काय आणणार? अंगभर दोऱ्याचे फास असलेला जाड टॉवेलच. आणि इथं तर बापच टॉवेलच्या मागावर काम करणारा!

घडलं ते असं. पोरानं उंदीर टॉवेलवरच दिला. सापानं झडप घातली, उंदराबरोबर टॉवेलही तोंडात आला, आणि सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे टॉवेलचे फास त्यांत अडकले. उंदीर पोटात गेला आणि त्याचा वास लागलेला टॉवेल मागोमाग निघाला. ऑस्ट्रेलियात 2020 साली एका पाळीव अजगरानं समुद्रावर न्यायचा अख्खा टॉवेल गिळला होता, तो दुर्बिणीनं बाहेर काढावा लागला. आमच्या पेशंटनं वीतभरच आत घेतला होता. पण माझ्याकडे दुर्बीण नाही, गॅसवर भूल द्यायची सोय नाही, आणि पुणे अडीचशे किलोमीटर.

घरी पोरानं एकदा ओढून बघितलं होतं, हिरडीतून रक्त आलं होतं. मी तोंड अलगद उघडलं. वरच्या जबड्यात दातांच्या चार ओळी, खाली दोन, आणि सहाही ओळींत निळं सूत. जिभेजवळ श्वासनळीचं तोंड टॉवेलच्या कडेनं बाहेर सरकलं होतं, उघडत होतं, मिटत होतं. साप भक्ष्य गिळतानाही असाच श्वास घेतो. ते उघडझाप करतंय तोवर घाई नव्हती.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेची बारीक कात्री घेऊन मी एकेक फास कापायला लागलो. दहा मिनिटांत सात फास. आत किती उरलेत, याचा अंदाज येईना. तेवढ्यात बाप म्हणाला, “असं नका कापू ओ डॉक्टर. फासाचा दोरा वेगळा असतोय, खालच्या कापडाचा वेगळा. बाहेरून एका ओळीत दोनीकडं कापा, मग मधला दोरा सरकतोय का बगा.” त्यानं टॉवेलची कड चिमटीत धरली, नखानं फासांची ओळ दाखवली. मी कापलं. त्यानं दोरा हलकेच ढिला केला आणि दातावरचा फास सैल पडला. मग मी डोकं जरासं पुढं ढकलून दात मोकळे करायचे, त्यानं दोरा सोडवायचा. मध्ये मध्ये लिक्विड पॅराफिन. सव्वा तासानं टॉवेलचं शेवटचं टोक ओलं, बुळबुळीत होऊन बाहेर आलं. दोन दात त्यातच राहिले. ते पुन्हा येतात.

पोरगा रडत होता. मलाच त्याच्याकडं बघवेना.

मग पेटीचा विचार नव्यानं केला. जखमा भरेपर्यंत वर्तमानपत्र, दुसरं काही नाही. नंतर नर्सरीतली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या चुऱ्याची वीट, खत न मिसळलेली, दोन पाण्यांतून धुऊन. थर तीन इंचांचा. पाणी वरून शिंपडायचं नाही, कोपऱ्यातून ओतायचं, म्हणजे तळ ओला राहतो आणि पोट टेकतं तो थर कोरडा. उष्णतेची चटई थर्मोस्टॅटशिवाय लावायची नाही. घाण दिसली की त्याच दिवशी उचलायची, महिन्या-सव्वा महिन्यानं सगळा थर बदलायचा. आणि उंदीर द्यायचा तो गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर, लांब चिमट्यानं.

जुलैत पोरानं कात आणून दाखवली. एकसंध होती, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट. सोबत बापानं निरोप पाठवला होता: पुढच्या वेळी कापड सांगायचं झालं तर चादर सांगा, तिला फास नसतात.

कोणाला द्यायला म्हणून माझ्या फोनमध्ये सूचनांचा एक मेसेज साठवलेला असतो. त्यातला ‘टॉवेल’ मी काढून टाकलाय. चादर मात्र अजून लिहिलेली नाही, तिचेही दोरे सुटतातच.