सहा तांबे

ग्रामसेवकाच्या मोबाईलमध्ये पोराबाळांपेक्षा संडासांचे फोटो जास्त असतात. माझ्या जुन्या फोनमध्ये 2016-17 सालचे तीनशेच्या वर असतील. बायको म्हणते, काढून टाका आता. मी काढत नाही, कारण त्यातल्या नऊ फोटोंत एकच निळं पिंप आहे. काठ एका बाजूनं फुटलेला, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. फोटोतली माणसं नऊ, नावं नऊ, संडास मात्र एकच.

गाव अक्कलकोट रस्त्याच्या बाजूचं, कर्नाटकाच्या हद्दीकडं झुकलेलं. तालुक्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळून सकाळी गाडी काढायची आणि तासाभरात गावात पोचायचं, हा माझा तेव्हाचा रोजचा क्रम. गावात निम्मी घरं कानडी बोलणारी. मला कानडी आलं नाही, पण ‘नीर इल्ल’ एवढं पहिल्याच आठवड्यात कळलं. पाणी नाही.

स्वच्छ भारतचा जोर होता. वैयक्तिक शौचालयाला 12 हजारांचं अनुदान, लाभार्थी 2012 च्या पायाभूत सर्वेक्षणाच्या यादीतले. यादीनंतर वेगळ्या झालेल्या भावाला संडास असो वा नसो, त्याला आकड्यात जागा नाही. आमच्या तालुक्याला तेव्हा जे गटविकास अधिकारी साहेब होते, त्यांना ही यादी तोंडपाठ होती. आढावा बैठकीत उभं करायचे आणि एवढंच म्हणायचे, “आकडा बोला.” पाणी, वाळू, गवंडी, भाऊबंदकी असलं काही सुरू केलं की हात वर. “कथा नको. उद्दिष्ट किती, साध्य किती, शिल्लक किती?” मागच्या रांगेत कुणाच्या तरी खिशात कारणे दाखवा नोटीस असायचीच. वेतनवाढ रोखण्याची भाषा तर चहाबरोबर यायची.

पण साहेब आळशी नव्हते. पहाटे पाचला, उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणाऱ्या गुड मॉर्निंग पथकाबरोबर स्वतः यायचे, डिसेंबरच्या थंडीत कानटोपी घालून. बांधावर बसलेल्या माणसाला आधी गुलाबाचं फूल, नंतर शिट्टी, मग दंडाची धमकी, अशी चढती भाजणी. जिथं दहा वर्षं एक वीट हलली नव्हती तिथं त्यांच्या धाकानं खड्डे निघाले. गावठाणातल्या जागेवरून अडून बसलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी दहा मिनिटांत सरळ केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरा कुणी ते करू शकला नसता.

साहेब माझ्यावर ओरडले की मी गावावर ओरडायचो. त्यांना व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, वरून कुणीतरी ऐकवायचं, ते मला, मी शिपायाला आणि शिपाई अक्काला. अक्का म्हणजे वेशीजवळच्या शेवटच्या घरातली म्हातारी, दोन शेळ्यांची धनीण. एका पहाटे पथकानं तिच्या हातातलं टमरेल काढून घेतलं. मी तिथंच होतो आणि शिट्टी माझ्याच गळ्यात होती. ती काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून घराकडं निघून गेली.

फेब्रुवारी 2017 मध्ये बातमी आली. केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात स्वतः संडासाच्या खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत उपसलं. दोन खड्ड्यांच्या संडासात एक भरला की दुसरा सुरू करायचा, बंद केलेल्याचं वर्षा-दीड वर्षात कोरडं, बिनवासाचं खत होतं. हे लोकांच्या गळी उतरवायचं तर आधी आपण उतरायला हवं, असा त्यातला सरळ अर्थ. फोटो आमच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळपर्यंत आदेश निघाला: प्रत्येक गावात खड्डा उपसण्याचा कार्यक्रम घ्या, छायाचित्र सादर करा.

आमच्या गावातला सर्वांत जुना खड्डा चार महिन्यांचा होता. उपसायचं काय? सरपंचांनी उकिरड्यावरून दोन पाट्या शेणखत आणवलं, खड्ड्यात टाकलं आणि आम्ही ते परत वर काढलं. हार घातलेलं फावडं हातात धरून मी काढून घेतलेला फोटो कुठल्याशा अहवालात छापूनही आला म्हणतात. तो मी मागितला नाही.

मग 31 मार्च आला. चाळीसेक संडासांचे खड्डे, भिंती झाल्या होत्या, भांडी बसायची होती. आता हे भांड्याचं प्रकरण जरा सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खेड्यासाठी जे भांडं सांगितलेलं असतं ते आत खोल, तीव्र उताराचं. खालचा ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून वास रोखणारा वाकडा पाइप, तोही कमी पाण्याचा. दीड-दोन लिटरमध्ये सगळं वाहून जातं. शहरात बसवतात ते पसरट, दिसायला देखणं, पण त्याला भरपूर पाणी लागतं. तालुक्याच्या दुकानात उताराची भांडी संपली होती, आठवड्यानं येणार होती. आठवडा कुणाकडं होता? मी पसरट भांडी उचलली. पांढरीशुभ्र होती, लोकही खूश झाले. त्यातली नऊ तरीही वेळेत बसली नाहीत, म्हणून ते निळं पिंप. एप्रिलमध्ये तीही बसवली. माझं गाव शंभर टक्के झालं आणि बैठकीत साहेबांनी पहिल्यांदा माझं नाव चांगल्या अर्थानं घेतलं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी घरी बासुंदी घेऊन गेलो होतो.

मे महिन्यात साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी मॅडम आल्या. आवाज इतका हळू की पहिल्या बैठकीत मागच्यांना काही ऐकूच गेलं नाही. आम्ही आपसात म्हटलं, आता चार-सहा महिने आराम.

शेवटच्या आठवड्यात, पारा 42 च्या पुढं गेलेला असताना, मॅडम गावात आल्या. आधी निरोप नाही. बरोबर ना विस्तार अधिकारी, ना गाड्यांचा ताफा. त्यांच्या हातात माझ्याच फोटोंची प्रिंट होती. मला वाटलं, पिंप सापडलं. पोटात खड्डा पडला. त्यांनी फोटोंवर नजर टाकली, मग मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, पिंप कुणाच्या घरचं आहे ते नंतर सांगा. वापरतं कोण, ते दाखवा.”

पहिल्या घरात कडब्याच्या पेंढ्या. दुसऱ्यात सरपण आणि एक मोडकी सायकल. तिसऱ्याला कुलूप. चौथं अक्काचं. आत शेळी बांधलेली, सावलीला. अक्का उंबऱ्यातून म्हणाली, “काय बघलालाव? शेळी हाय.”

मी ओरडणारच होतो. ‘सरकारनं 12 हजार शेळीसाठी दिले काय’, हे वाक्य ओठावर तयार होतं. मॅडमनी विचारलं, “अक्का, जरा तांब्याभर पाणी मिळेल का?”

“तांब्या हाय की. टमरेल तुमच्या शिट्टीवाल्यांनी नेलं.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

शेळी बाहेर निघाली. मॅडमनी अंगणातल्या पाटीतून ओल्या शेणाचा गोळा उचलला. स्वतःच्या हातानं, हे मी मुद्दाम लिहितोय. आणि तो भांड्यात टाकला. पहिला तांब्या ओतला. शेण पसरलं, हललं नाही. दुसरा. तिसऱ्याला निम्मं सरकलं. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या होत्या, पोरं मोठ्यानं मोजत होती. पाचव्याला हसू फुटलं. सहाव्या तांब्याला भांडं साफ झालं.

“सहा,” मॅडम म्हणाल्या.

“सहा तांब्यात माझी शेळी दिवस काढती की ओ,” अक्का म्हणाली. “टँकर आला तर दोन घागरी मिळत्यात. पिऊ का ओतू?”

शेजारच्या एका सुनेनं, डोक्यावरचा पदर न हलू देता, सांगितलं की ती आधी आठ-दहा दिवस वापरत होती. पाणी डोक्यावरून तीच आणायची. सासूनं वापरलं तरी ओतायला पाणी तिचंच. मग तिनंच एके दिवशी कडी लावून टाकली. हे आम्हाला वर्षभरात कुणी सांगितलं नव्हतं. विचारायला गेलो होतो ते शिट्टी घेऊन, सांगणार कोण?

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी सोलापुरात राहतो. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर वाहून आमच्या नळाला तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं. तेही रात्री कधी येईल त्याचा नेम नसायचा. माझ्या न्हाणीघरात तीन पिंपं आहेत, निळीच. कपडे धुतलेलं पाणी आम्ही संडासात ओततो. तांब्याचा हिशेब मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी दुकानात भांडं उचलताना तो मला आठवला नाही, तेव्हा डोक्यात फक्त ‘शिल्लक: 40’ होतं.

परतताना गाडीजवळ मी मॅडमना पिंपाचं सांगून टाकलं. नऊ फोटो, एक संडास. त्या बराच वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, “ते तुम्ही मला लेखी द्या. आणि भांडी बदलायला किती लागतील तेही लिहा, त्याच कागदावर नको.” मला अजून ठरवता येत नाही की त्यांनी मला वाचवलं की अडकवलं. नोटीस मात्र आली नाही.

मासिक सभेत ठराव घेतला, चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशातून भांडी आणि ट्रॅप बदलायचा. या वेळी उताराची भांडी येईपर्यंत थांबलो, तीन आठवडे. पहिलं अक्काकडं बसवलं. दोन तांब्यांत काम झालं. तिनं शेळीसाठी बाजूला पत्र्याचं छप्पर टाकून मागितलं. ते कुठल्याच योजनेत बसत नव्हतं, गवंड्यानं उरलेल्या सामानात करून दिलं.

मॅडम म्हणजे देवमाणूस, असं कुणी समजू नये. त्यांच्या टेबलावर फायली साचायच्या. प्रत्येक गोष्ट जाऊन बघायची म्हटल्यावर तालुका पुरत नाही. घरकुलाचे हप्ते त्यांच्या काळात उशिरा निघाले आणि पावसाळ्याच्या तोंडावर भिंती अर्धवट राहिलेल्या माणसानं पंचायत समितीच्या पायरीवर बसून त्यांना शिव्या घातल्या, त्या खोट्या नव्हत्या. साहेब असते तर सही त्याच दिवशी झाली असती. शिवाय मॅडमनी तालुक्याचा वापराचा खरा आकडा वर कळवला, तेव्हा बैठकीत त्यांनाच उभं केलं गेलं असं ऐकलं. वर्ष व्हायच्या आत त्यांचीही बदली झाली. एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली, त्यात माझं गाव 31 मार्च 2017 च्या आकड्यानंच होतं.

नंतर लेखापरीक्षण आलं. तरुण मुलगा होता, अभ्यासू. त्यानं दप्तरातून बरोबर बोट ठेवलं: शौचालयं मार्च 2017 मध्ये पूर्ण दाखवलेली असताना त्याच लाभार्थ्यांच्या शौचालयांवर पुन्हा खर्च कसा? खुलासा करावा, अन्यथा वसूलपात्र. त्याचं चुकलं नव्हतं, कागद तेच सांगत होता.

शेजारच्या गावचा ग्रामसेवक, माझा जुना दोस्त, म्हणाला, “देखभाल दुरुस्ती लिही, मिटेल.” मी दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. मग लिहिलं की, विहित मुदतीत पूर्तता दाखवण्यासाठी उपलब्ध भांडी बसवली, ती वापरण्यास सहा लिटर पाणी लागत असल्याने शौचालये वापरात नव्हती, सबब बदलली. खाली सही, शिक्का, तारीख.

लेखापरीक्षण अहवालातला तो आक्षेपाचा परिच्छेद अजून वगळलेला नाही.