एफ वन दाबला की चालू होतो

मे 2019. साताऱ्यातल्या शाहूपुरीतून एका निवृत्त गुरुजींचा दुपारी फोन आला. "अरे, परवा तू कॉम्प्युटर करून दिलास ना? पुन्हा तेच. इंटरनेट चालत नाही, लाल तिकटी येते."

मी कपाळाला हात लावला. दोनच दिवसांपूर्वी त्यांचा सीपीयू दुकानात आणून विंडोज सेव्हन नव्याने टाकलं होतं. फॉरमॅटचे पाचशे घेतले होते आणि संध्याकाळी घरी जोडून जीमेल उघडून दाखवलं होतं. तेव्हा सगळं झकास होतं! त्यांना म्हटलं, "उद्या सकाळी येतो. मी येईपर्यंत सुरू करू नका."

सकाळी नऊला पोचलो. गुरुजींनी आधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण लावलं, मग सीपीयूचं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी वाचायच्या आत गुरुजींचं बोट सराईतपणे एका कळीवर पडलं.

"काय दाबलंत?"

"एफ वन. तो दाबल्याशिवाय पुढे जात नाही. झाले की दोन महिने."

"मग मला बोलला नाहीत?"

"त्यात बोलायचं काय? स्कूटरला किक मारावी लागते हे कोणी मेकॅनिकला सांगतं का?"

विंडोज उघडलं. उजव्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2009. क्रोम उघडला तर लाल तिकटी आणि खाली स्वच्छ लिहिलेलं, तुमचं घड्याळ मागे आहे. यंत्र स्वतः दुखणं सांगत होतं आणि मी फोनवर 'व्हायरस असेल' म्हणून मोकळा झालो होतो. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती खरी असल्याच्या दाखल्याला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. 2009 सालात बसलेल्या कॉम्प्युटरला 2019 चं सर्टिफिकेट खोटंच वाटणार. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवतं खरं, पण फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला तर हात लावत नाही. इथे तर दहा वर्षं!

मग दुकानात कसं चाललं? विंडोज टाकताना ते तारीख विचारतं. मी सवयीने ती बरोबर केली आणि पुढे गेलो. आजार तिथेच झाकला गेला.

राहिलं ते रात्रीचं कोडं: बरोबर लावलेली तारीख रात्रीत पुसली कशी? काकू म्हणाल्या, "मागच्या वळवात टीव्ही जळला. तेव्हापासून हे रात्री सगळी बटणं बंद करतात." बोर्डाचं बटण चालू असलं की एसएमपीएस, म्हणजे सीपीयूतला वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो, घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद केलं की भार मदरबोर्डवरच्या बटणसेलवर, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या सेलवर. सेल काढून मीटर लावला, 2.1 व्होल्ट. हा सेल तीन व्होल्टचा. दिवसभर वीज असल्याने बिचाऱ्याचं भागत होतं, रात्री मान टाकत होता. तीस रुपयांचा सीआर 2032 बसवला, तारीख लावली, बोर्ड बंद करून तासभर चहापोहे झाले, पुन्हा सुरू केलं. एफ वन नाही, लाल तिकटी नाही.

फॉरमॅटची पाचशेची नोट मी परत टेबलावर ठेवली. गुरुजींनी ती उचलली, पण चेहरा काही उजळला नाही. "हे बघ," म्हणाले आणि डी ड्राइव्हमधली एक फाइल उघडली. आठवणी लिहीत होते ते, सत्तर पानं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. माझ्या पोटात गोळा आला. फाइल शाबूत होती, पण ती टाइप केली होती इंग्रजी अक्षरांना देवनागरी रूप देणाऱ्या जुन्या 'किरण' फाँटमध्ये, आणि फाँट सी ड्राइव्हसोबत मीच पुसला होता. तोही तीस रुपयांच्या सेलपायी.

डीटीपीवाल्या मित्राकडून पेनड्राइव्हवर फाँट आणला, फाँट्सच्या फोल्डरमध्ये टाकला, फाइल पुन्हा उघडली. कंस-टिंबांची देवनागरी झाली. गुरुजी चष्मा सरकवून पडद्याजवळ वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "तिसऱ्या ओळीत 'ऊन' ऱ्हस्व पडलाय. तेवढा दीर्घ कर."