बोर्ड हिरवा, पावती बंद

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. माळशिरसकडच्या एका दूध संकलन केंद्राचे चालक बोलत होते. "सायेब, पावती निघंना झालीय. माणसं कॅन घिऊन उभी हायती."

त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की धावायची पाळी, माझ्याकडे होती, म्हणून लॅपटॉप उशाशीच. सर्व्हर ठीक चाललेत का ते दाखवणारा मॉनिटरिंगचा बोर्ड उघडला तर सगळे चौकोन हिरवेगार. मी त्यांना म्हणालो, "इकडे सगळं व्यवस्थित दिसतंय. तुमच्याकडचं नेट बघता का जरा?"

हे वाक्य आठवलं की अजून ओशाळायला होतं. नेट त्यांचं ठणठणीत होतं. पाच मिनिटांत आणखी चार केंद्रांचे फोन आले.

आमचं काम एवढंच: केंद्रावरचं यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) मोजतं, आकडे क्लाउडवर येतात, दर लागतो, पावती निघते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो आणि त्याच्या खाली गेलं की पॉइंटागणिक पैसे कापले जातात. त्यामुळे पावती हातात पडल्याशिवाय कोणी हलत नाही. आणि दूध काही आमच्यासाठी थांबत नाही, शीतकरण केंद्राची गाडी ठरल्या वेळी निघते.

सर्व्हरवर शिरलो. डिस्क १०० टक्के भरलेली, ४०च्या ४० जीबी. पण फाइलींची बेरीज केली तर जेमतेम २२ जीबी. डिस्क किती भरली ते सांगणारी 'डीएफ' कमांड एक सांगतेय, फाइलींची बेरीज करणारी 'डीयू' दुसरंच. हा प्रकार ज्यांनी पाहिलाय ते इथेच हसतील. डिलीट झालेली एक लॉग फाइल (ॲपची रोजनिशीच म्हणा) आमच्याच ॲपने उघडी धरून ठेवली होती. यादीत ती नाही, पण जागा अडवून बसलेली, आणि ॲप तिच्यातच लिहीत सुटलेलं. त्यात कोणीतरी डीबग लॉगिंग, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहून ठेवणं, चालू ठेवून घरी गेलेलं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), म्हणजे त्याची मध्यरात्र आपल्या पहाटे साडेपाचला. जुने लॉग काढून टाकायचं काम नेमकं तेव्हा, लोक धारा काढून केंद्राकडे निघतात त्या वेळी. ॲप रीस्टार्ट केलं तर जागा मोकळी होणार होती. पण मला आधी अलार्म का वाजला नाही ते हवं होतं, म्हणून ट्रॅफिक दुसऱ्या मशीनवर वळवून हे मशीन तसंच ठेवलं. पावत्या सुरू झाल्या तेव्हा सात वाजायला आले होते. तोवरचं सगळं दूध वहीत पेनाने.

मग मॉनिटरिंगवाल्या कंपनीकडे सगळ्यात वरच्या प्राधान्याचं तिकीट टाकलं. पहिलं उत्तर मिनिटभरात, अर्थातच यंत्राचं. दुसरं माणसाचं: "कृपया एजंटचं डायग्नोस्टिक बंडल पाठवा." एजंट म्हणजे आमच्या मशीनवर बसून त्यांना आकडे पाठवणारा त्यांचा प्रोग्रॅम, आणि बंडल म्हणजे त्याच्या तपासणीच्या फाइलींचा गठ्ठा. कमांड चालवली. डिस्कवर जागा नाही, म्हणून बंडल बनत नाही. तसं कळवलं. अर्ध्या तासाने उत्तर: "कृपया बंडल पाठवा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही." रहिवासाच्या दाखल्यासाठी आधी रहिवासाचा दाखला जोडा, तसलं.

फोनवर माणूस मिळवायला साडेनऊ वाजले. ती इंजिनिअर मात्र हुशार होती. बंडलचं नावही न काढता स्क्रीन शेअर करायला लावली आणि डिस्कचा आलेख पाहून विचारलं, "शेवटचा ठिपका किती वाजताचा?" ५:५४. त्यापुढे काहीच नाही. डिस्क भरत आली तसा एजंटच कोसळला होता. आमचा नियम होता, डिस्क ९० टक्क्यांच्या वर सलग दहा मिनिटं राहिली तर अलार्म. एजंट जेमतेम सहा मिनिटं ९०च्या वर आकडे पाठवू शकला.

"आता नियमाच्या पानावर सगळ्यात खाली जा. डेटा आला नाही तर काय करायचं, तिथे काय निवडलंय?"

तिथे होतं: 'ठीक समजा'. बदल करणाऱ्याचं नाव: माझंच. दोन वर्षांपूर्वी टेस्टची मशीनं रात्री बंद केली की अलार्म वाजायचे, झोप उडायची, म्हणून मीच ते सगळीकडे एका फटक्यात लावलं होतं. टेस्टपुरतं ठेवायचं डोक्यात आलं नाही. त्या बाईंनी त्यावर एक शब्द काढला नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

संध्याकाळी अभिप्रायाचा फॉर्म आला. पाच तारे आणि एक चौकट. त्या इंजिनिअरला पाच दिले आणि चौकटीत तासभर लिहिलं. चूक माझी, हे आधी लिहिलं. मग लिहिलं की मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनचा हात डेडमॅन हँडलवरून सुटला की ब्रेक लागतो. तुमच्या बोर्डावर हात सुटला की हिरवा दिवा लागतो. गप्प झालेल्या मशीनला निदान राखाडी रंग द्या. प्रोमिथियस या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा गायब झालाय का हे पाहायला 'ॲबसेंट' नावाचं फंक्शनच आहे. सतत वाजणारा 'वॉचडॉग' अलार्मही लोक मुद्दाम ठेवतात. तो थांबला की गडबड समजायची. आणि बंडल कुठे बनवायचं ते निवडू द्या, कारण ते मागायची वेळ येते तेव्हा बहुधा डिस्क भरलेलीच असते.

बंडलची मागणी दोन महिन्यांत पुरी झाली, कमांडला पत्ता देता येतो आता. राखाडी रंग 'विचाराधीन' आहे. टेस्ट आणि चालू मशीनचे नियम मी त्याच रात्री वेगळे केले.

दोन दिवसांनी माळशिरसच्या त्या चालकांचा पुन्हा फोन. छातीत धस्स झालं.

"पावती निघतीया सायेब, झ्याक. पण फॅट लय कमी दावतंय, लोकं वराडत्यात."

फॅटचं यंत्र आमचं नाही, हे त्यांना समजावण्यात त्या दिवशीची सकाळ गेली.