दमट आवाजाची गायिका

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळी करायचे. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी यायची, ती अर्ध्या तासात मराठी करून पानावर सोडायची. त्या रात्री कुण्या परदेशी गायिकेची बातमी होती आणि तिच्या आवाजाला विशेषण लावलं होतं 'सल्ट्री'. हा शब्द मला फक्त हवामानाच्या बातम्यांमुळे माहीत. हात थांबलाच नाही. सकाळी छापून आलं, 'दमट आवाजाची गायिका'. संध्याकाळी वृत्तसंपादकांनी पान माझ्यापुढे धरलं आणि शांतपणे विचारलं, "हिला दोरीवर वाळत घालायचं का आता?"

तेव्हापासून हा शब्द दिसला की मी जरा सावध होते. मागच्या जूनमध्ये तो पुन्हा भेटला, भाचीच्या वहीत. ती परदेशी शिकायला जायच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करत होती आणि 'तुमच्या गावाचं हवामान' या विषयावर तिने लिहिलं होतं, नागपूरचा मे महिना फार सल्ट्री असतो. मी पेन्सिलीने रेघ मारली.

"मावशी, डिक्शनरीत 'हॉट' लिहिलंय."

"पुढचा शब्द वाच. 'ह्युमिड' पण लिहिलंय ना?"

मे महिन्यातलं नागपूर कसंही असेल, सल्ट्री नसतं. ते भाजतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, पण त्या दिवसांतही घाम आलेला कळत नाही, कारण तो येता येता वाळतो. गाडीवरून जाताना तोंडाला दुपट्टा बांधला नाही तर गालावर कुणी इस्त्री फिरवल्यासारखं वाटतं. गच्चीवर चादर टाकून मागच्या चादरीला चिमटा लावेपर्यंत पहिली वाळलेली असते. कुरडया संध्याकाळी डब्यात भरून मोकळं व्हायचं. आणि प्रतापनगरातल्या आमच्या घरात त्या दिवसांत माठातलं पाणी असं गार असतं, की फ्रिजची बाटली कुणी काढत नाही.

मग रोहिणी संपत येते, मृग लागतो, एखादी सर धूळ बसवून निघून जाते. पारा पाच-सहा अंशांनी उतरतो. पेपरात 'नागपूरकरांना दिलासा' असा मथळा येतो (मीही कैकदा दिलाय, चुकलंच) आणि नेमक्या त्याच दिवशी जीव नकोसा होतो. वारा पडतो. आभाळ खाली आल्यासारखं वाटतं. अंगाला कपडा चिकटतो, पापड मऊ पडतो, कणकेचा हात धुतला तरी चिकटच राहतो. माठ तोच, जागा तीच, पण पाणी कोमट. आमच्याकडे याला 'उमस' म्हणतात. हिंदीतून आलेला शब्द, पण नागपुरात कोणता शब्द कुठून आला हे विचारत बसलं तर बोलणंच बंद पडेल. सल्ट्री म्हणजे ही उमस. पावसाळा नीट बसेपर्यंत राहते, मध्ये उघडीप पडली की परत येते.

भाचीला हे पटवायला मी शब्दाच्या मुळाशी गेले आणि मलाच मजा वाटली. इंग्रजीत पूर्वी 'सल्टर' असं क्रियापद होतं, उकाड्याने कासावीस होणं. हंगरचं हंग्री, अँगरचं अँग्री, तसं सल्टरचं सल्ट्री. हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. सल्टर हा 'स्वेल्टर'चाच भाऊ, आणि स्वेल्टरच्या मागे उभा आहे जुन्या इंग्रजीतला 'स्वेल्टन'. त्याचा अर्थ उकडणं नाही. त्याचा अर्थ मरणं.

म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज मरायचा तेव्हा 'स्वेल्टन' करायचा. मरणाला त्याच्याकडे आणखी एक शब्द होता, 'स्टेओर्फन'. पुढे 'डाय' आला, बहुतेक अभ्यासकांच्या मते व्हायकिंगांच्या भाषेतून, आणि त्याने दोघांचीही नोकरी खाल्ली. पण ते घरी बसले नाहीत. स्टेओर्फनचा झाला 'स्टार्व्ह', त्याने भुकेचं खातं धरलं. स्वेल्टनने उकाड्याचं. निवृत्त माणसाने ओळखीच्या दुकानात हिशेब लिहायला बसावं तसं.

मराठी माणूस मात्र उकाड्यात मरत नाही, उकडतो. अंड्यासारखा, बटाट्यासारखा. कुणाची उपमा जास्त खरी हे ज्याने त्याने जूनमध्ये ठरवावं. नागपुरात तर दोन्ही एका दमात निघतात: "काय उकडून रायलं बाप्पा, जीव जाते आता."

शेक्सपिअरने हा शब्द वापरला तेव्हा तो नवाकोरा होता. 'हॅम्लेट'च्या शेवटच्या अंकात ऑस्रिक नावाचा एक दरबारी अदबीने टोपी काढून उभा राहतो. हॅम्लेट म्हणतो, घाल ती. तो म्हणतो, नको, गरम होतंय. हॅम्लेट म्हणतो, छे, थंडी आहे. हो हो, थंडी आहेच. हॅम्लेट म्हणतो, पण मला तर फार सल्ट्री वाटतंय बुवा. हो, अगदीच सल्ट्री! एसीच्या रिमोटवरून साहेबांसमोर असं डोलणारी माणसं मी प्रत्येक ऑफिसात पाहिली आहेत.

आता माझी गायिका. हवेतली ऊब शरीरात आणि तिथून वासनेत शिरायला फार वेळ लागला नाही. इंग्रज कवी बायरनने १८१९ साली 'डॉन जुआन' या काव्यात हे दोन्ही अर्थ दोन ओळींत बसवले: माणसं ज्याला रसिकता म्हणतात आणि देव ज्याला व्यभिचार, ते प्रकार हवा सल्ट्री असलेल्या मुलखात जास्त चालतात. 'अडल्टरी'ला 'सल्ट्री'चं यमक! बायरनने जूनमधलं नागपूर पाहिलं नव्हतं हे उघड आहे. आमच्याकडे त्या दिवसांत नवरा सोफ्यावर शेजारी येऊन बसला तरी "जरा सरका" म्हणावंसं वाटतं. पुढे विसाव्या शतकात हे विशेषण नट्यांना आणि गायिकांना सर्रास लागलं. तिथे मराठीत मादक म्हणावं, आवाज असेल तर कधी घोगरा, खर्जातला. मी त्या रात्री 'धुंद' लिहायला हवं होतं. बावीस वर्षं उशिरा सुचलं.

भाची एवढं ऐकून घेऊनही हटेना. "पण परीक्षक कुठे नागपूरला आलाय, त्याला काय फरक कळणार?" तेवढ्यात कूलरवाला आला. मीच बोलावला होता. दोन दिवस कूलर गार हवा देत नव्हता, मला वाटलं पंप गेला. त्याने मागची ताटी काढली, हात लावून पाहिला, पंप सुरू करून पाणी कसं झिरपतं ते बघितलं आणि ताटी परत बसवली.

"काहीच नाही झालं ताई याले. पंप चालू हाये, ताट्या वल्या हाये."

"मग गार का करत नाही?"

"आता हवाच वली झाली. कूलर काय करन?"

खरंच आहे. कोरडी हवा ओल्या ताटीतून जाते, पाण्याची वाफ करते, त्या कामात आपली उष्णता घालवते आणि गार होऊन खोलीत येते. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ती नवं पाणी घेईल कुठून? माठाचं तेच, आपल्या घामाचंही तेच. घाम वाळला नाही की अंग निवत नाही. थर्मामीटर पस्तीस दाखवत असला तरी जुनं 'स्वेल्टन' मग आठवायला लागतं.

येण्याचे दोनशे रुपये त्याने घेतले आणि दाराशी चप्पल घालता घालता सांगून गेला, खिडकी उघडी ठेवा, थोडं बरं वाटन.

भाचीने वहीत 'मे' खोडून 'जून' केलं. समासात सल्ट्रीपुढे बाण काढून लिहिलं, 'हवाच वली'. मी तिथे रेघ मारली नाही.